जास्त मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, त्याआधी मशीनमध्ये काय काय बघावं?

टेरीटॉवेल

नमस्कार मंडळी. आमचा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे, घराच्या मागेच. डिझाइनचं काम मी बघतो. आजोबांच्या काळापासूनचे ग्राफ आणि जुने नमुने मी स्कॅन करून ठेवलेत. त्यांच्यावर चित्रं काढणारं एआय मॉडेल शिकवायचं, म्हणजे लोरा (मूळ मॉडेलला आपलं वळण शिकवणारी छोटी पूरक फाईल) तयार करायचा, आणि त्याच वळणाच्या नव्या बॉर्डरी, नवे बुट्टे काढायचे असा विचार आहे. नेटवरच्या कुठल्याही सेवेत हे नमुने चढवायचे नाहीत. ती आमच्या घराची पुंजी आहे, त्यामुळे सगळं घरच्या मशीनवरच हवं.

सगळीकडे एकच वाचतोय की मेमरी जास्त असलेलं कार्ड घ्या. पुण्यातून सेकंडहँड आरटीएक्स ३०९०, २४ जीबीचं, मिळतंय. सध्याचं मशीन असं आहे: आय-५ ९४००एफ, बी३६५ बोर्ड, ८ च्या दोन पट्ट्या म्हणजे १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, ४८० जीबीची साटा एसएसडी, जुनी १ टीबीची हार्ड डिस्क, जीटीएक्स १६५० चं ४ जीबी कार्ड आणि ६०० व्हीएचा यूपीएस. हे कार्ड आणून नुसतं बसवलं तर चालेल का? की आधी दुसरं काही बदलावं लागेल?

भुईकोट

मालक, कार्डाचे पैसे देऊ नका, दोन दिवस थांबा. नवी पेठेत मशीन दुरुस्तीचं काम करतो म्हणून सांगतो. असं कार्ड आणून लावलं आणि मग दुकानात आले, अशी मशीनं माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यात कार्ड बहुतेक वेळा चांगलंच असतं, कमी पडतं ते बाकीचं.

आधी सप्लायचं बघू. ३०९० ची अधिकृत गरज ३५० वॉट आहे. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, आठ पिनच्या एका जोडणीतून १५०. म्हणून या कार्डांना आठ पिनची दोन तोंडं असतात, काहींना तीन. तुमच्या ४५० वॉटच्या सप्लायला बहुतेक एकच तोंड असेल. ३५० कार्डाचे, ६५ आणि वर थोडे प्रोसेसरचे, ५०-६० डिस्क, पंखे, बोर्डाचे. म्हणजे पावणेपाचशेच्या वर बेरीज तिथंच गेली. कंपनी ७५० वॉट सांगते, मी ८५० सांगेन.

आता ८५० का ते सांगतो, कारण इथं भांडणं होतात. कार्ड सरासरी ३५० खातं, पण मधेच क्षणभर त्याच्या बरंच वर उडी मारतं. मिलिसेकंदाचीही नसेल अशी ती उडी, पण सप्लायच्या संरक्षणाला ती ओव्हरलोड वाटते आणि मशीन फट्कन बंद पडतं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, सरळ अंधार. लोक मग विंडोज परत टाकतात, रॅम बदलतात. एटीएक्स ३.० चे सप्लाय २०२२ पासून आले, त्यांच्या नियमात अशा उड्या सोसायची अट घातलेली आहे. नवा घेताना खोक्यावर तेवढं बघून घ्या.

वायरींचं दोन ओळींत. एकाच वायरीला पुढं दोन तोंडं फुटलेली असतात, त्यावर अख्खं ३०९० चालवू नका, सप्लायपासून दोन वेगळ्या वायरी ओढा. आणि मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, सप्लाय असेल तर जुन्या सप्लायच्या वायरी नव्याला कधीही लावायच्या नाहीत. कार्डाच्या बाजूचं तोंड सारखं असतं, पण सप्लायच्या बाजूला कुठल्या पिनमध्ये कुठला व्होल्टेज हे प्रत्येक कंपनी आपलं ठरवते. डिस्क आणि बोर्ड एका क्षणात जळतात.

विजापूररोड

भुईकोटदादांशी सहमत. इंजिनिअरिंगला आहे, घरी असंच मशीन चालवतो. मला रॅमबद्दल बोलायचंय, कारण त्याकडे कुणी बघत नाही.

फ्लक्स डेव्ह हे चित्रं काढणारं मॉडेल १२ अब्ज पॅरामीटरचं आहे. १६ बिटमध्ये त्याची एकटी फाईल जवळपास २४ जीबीची, शिवाय वाक्य समजून घेणारा टी-५ चा भाग जवळपास १० जीबी. हे सगळं डिस्कवरून आधी साध्या रॅममध्ये येतं आणि मग कार्डात जातं. रॅम १६ असेल तर विंडोज रॅममधलं डिस्कवर ठेवत-उचलत (पेजिंग) बसतं, माउससुद्धा हलत नाही. ८ बिटची फाईल घेतली तर आकार निम्मा होतो, तरीही १६ कमीच. माझा हिशेब असा: कार्डात जेवढी मेमरी तेवढी तरी रॅम हवीच, दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम. टेरीटॉवेलदादा, ३२ च्या खाली जाऊ नका. बोर्डाला चार स्लॉट असतील तर आहेत त्यांच्याच जोडीच्या अजून दोन पट्ट्या टाका, दोनच असतील तर १६ च्या दोन घ्या. एकच ३२ ची पट्टी घेऊ नका, ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन पट्ट्यांतून एकदम वाचायचा वेग, जातं.

डिस्कचंही बघा. २० जीबीची फाईल हार्ड डिस्कवरून वाचायला दोन-तीन मिनिटं जातात, साटा एसएसडीवरून चाळीसेक सेकंद. बोर्डाला एनव्हीएमईची (साटापेक्षा वेगवान एसएसडीची) जागा असेल तर १ टीबीची घ्या. ४८० जीबी म्हणजे दहा-बारा मॉडेलं उतरवली की भरली.

प्रोसेसर मात्र बदलू नका. चित्रं काढण्यात जवळपास सगळं काम कार्ड करतं, ९४००एफ त्याला पुरतो. गेमिंग करणार असाल तर गोष्ट वेगळी.

कंबरतलाव

मी इंटिरियरची कामं करते, ब्लेंडरमध्ये रेंडर करते. जास्त मेमरी का लागते त्याबद्दल माझा अनुभव सांगते, म्हणजे तुम्हाला खरंच २४ लागतात का ते ठरवता येईल.

आमच्याकडे सगळा सीन, म्हणजे मॉडेल, झाडं, टेक्स्चर, कार्डाच्या मेमरीत मावावा लागतो. एका हॉलच्या सीनमध्ये सोफ्याचं, पडद्याचं, लाकडाचं प्रत्येक टेक्स्चर ४के ठेवलं की ८ जीबी कधी संपते कळतही नाही. संपली की विंडोजवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर उरलेलं साध्या रॅममध्ये ढकलतो. काम बंद पडत नाही, पण रखडतं. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाच्या पानावर 'शेअर्ड मेमरी' नावाची रेघ असते. ती वर चढताना दिसली की समजायचं, मेमरी कमी पडली. नवं कार्ड घ्यायच्या आधी आपल्या रोजच्या कामात ही रेघ किती चढते ते बघा, आकडा तुमचा तुम्हालाच मिळेल.

माझी कामं १२ जीबीच्या ३०६० वर व्हायची, आता मोठ्या सोसायट्यांच्या वॉकथ्रूला ती पुरत नाही. टॉवेलच्या डिझाइनला इतकं लागेल का? तुमचं शेवटचं चित्र किती पिक्सेलचं असतं?

टेरीटॉवेल

ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. आमचं इलेक्ट्रॉनिक जकार्ड, म्हणजे नमुन्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलणारं यंत्र, २६८८ हुकांचं आहे. म्हणजे एका रिपीटची रुंदी २६८८ च्या पुढे जाऊच शकत नाही, आणि रंग चार-पाच. मशीननं काढलेलं चित्र आम्ही थेट विणत नाही. त्यातला बुट्टा, बॉर्डरीची लय घ्यायची आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हुकाला हूक धरून परत बांधायची. कुठं पाइल (टॉवेलचे उभे फासे) उचलायचं, कुठं जमीन सोडायची हे माणसालाच ठरवावं लागतं. त्यामुळे १०२४ चं चित्रसुद्धा मला पुष्कळ झालं.

विजापूररोड

मग मोठा फरक पडतो दादा. तुम्हाला मेमरी लागणार ती चित्राच्या आकारासाठी नाही, मॉडेल आणि लोरा शिकवण्यासाठी. एसडीएक्सएल या फ्लक्सपेक्षा लहान मॉडेलवर लोरा १२-१६ जीबीत व्यवस्थित होतो. फ्लक्सवर करायचा तर २४ आरामात, १६ मध्ये ८ बिट करून होतो, पण वेळ लागतो. पाच रंगांच्या बुट्ट्यांसाठी मी एसडीएक्सएलपासूनच सुरुवात करेन.

धंद्यासाठी वापरणार आहात, तर परवाना वाचून घ्या. फ्लक्सची श्नेल आवृत्ती अपाची २.० परवान्यात मोकळी आहे, डेव्हच्या अटी वेगळ्या आहेत.

आणि एक विचारायचं होतं. मला स्वतःला टेस्ला पी४० घ्यायचं मनात आहे. २४ जीबी, जुनं सर्व्हरचं कार्ड, स्वस्तात मिळतंय. कुणी वापरलंय का?

भुईकोट

पी४० नको रे बाबा, कारणं ऐक. त्याला पंखा नसतो, सर्व्हरच्या डब्यातल्या जोरदार वाऱ्यावर ते थंड होतं. साध्या कॅबिनेटमध्ये मागून ब्लोअर बांधावा लागतो, तो शिट्टी मारतो. त्याला मॉनिटरची जोडणीच नसते. त्याचं पॉवरचं तोंड ग्राफिक्स कार्डाचं नसून प्रोसेसरच्या आठ पिनचं असतं, जबरदस्तीनं चुकीची वायर घुसवलीस तर धूर. २०१६ ची पास्कल पिढी आहे, १६ बिटचं गणित त्याला अतिशय हळू जमतं. आणि एनव्हिडियानं कुडा (कार्डावर गणित चालवणारं तिचं सॉफ्टवेअर) १३ मधून पास्कल काढून टाकलंय, ड्रायव्हरची ५८० ही त्याची शेवटची शाखा. आज चालेल, उद्याची नवी सॉफ्टवेअरं त्याच्यासाठी बनणार नाहीत.

याच्यावरून बायोसची गोष्ट सगळ्यांसाठी सांगतो. पी४० सारखं कार्ड बोर्डाकडे एकदम मोठी पत्त्यांची जागा मागतं. बायोसमध्ये 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' चालू नसेल तर बोर्ड ती देऊ शकत नाही आणि मशीन सुरूच होत नाही, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते. जुन्या बऱ्याच बोर्डांत हा पर्यायच नसतो. ३०९० किंवा ५०६० टीआय अशी घरगुती कार्डं सुरुवातीला २५६ एमबीचीच खिडकी मागतात, म्हणून ती जुन्या बोर्डावरही उठतात. फक्त रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय, हवा असेल तर हे चालू करावं लागतं, सीएसएम (जुन्या पद्धतीनं मशीन सुरू करायची सोय) बंद करावं लागतं आणि विंडोजची डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची असावी लागते. एमबीआर ही जुनी मांडणी असेल तर मायक्रोसॉफ्टचं एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोज न उडवता बदलून देतं, तरी बॅकअप घेऊनच करा.

इंटेलचं आर्क ए७७० सुद्धा १६ जीबीचं आहे आणि स्वस्त पडतं. पण ते रिसायझेबल बारशिवाय फार मागे पडतं आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा प्रोसेसर सांगते. मालकांचा नवव्या पिढीचा आहे, म्हणून ते बाद.

अक्कलकोटरोड वायरमन

एक प्रश्न कुणीच विचारला नाही, म्हणून लिहितो. कारखाना घरामागेच आहे म्हणता, तर कॉम्प्युटर कुठल्या लाइनवर आहे?

माग सुरू होताना मोटारी एकदम करंट ओढतात, व्होल्टेज बसतं. बल्ब मिणमिणलेला तुम्ही रोज बघत असाल. ४ जीबीच्या कार्डाला ते जाणवत नाही, सप्लाय सांभाळून घेतो. पण मशीन ५०० वॉट ओढत असताना व्होल्टेज बसलं की सप्लायवर जास्त ताण येतो. कॉम्प्युटरची लाइन मीटरपासून वेगळी ओढून घ्या, मागांच्या फेजवर ठेवू नका. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या, एक-दोन व्होल्टच्या आत हवं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर कार्ड आणायच्या आधी अर्थिंग नीट करा.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॉट. ३०९० लोडवर गेलं आणि लाइट गेली तर तो बॅटरीवर येताक्षणी किंचाळून बंद पडणार. किमान १००० व्हीए, जमलं तर १५००. आणि प्युअर साइन वेव्हचा घ्या. हल्लीच्या चांगल्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असतं, काही सप्लायना स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट चालत नाही, बॅटरीवर आला की मशीन रिस्टार्ट.

सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर हे मशीन चालतं, त्याची भीती नको. पण बाजारातला हलका एक्स्टेन्शन बोर्ड नको, पिना ढिल्या असतात, तिथंच गरम होतं.

कंबरतलाव

आणि आपला उन्हाळा! एप्रिल-मे मध्ये सोलापुरात चाळिशीच्या वर पारा असतो, तेव्हा खोलीतच गरम हवा, ती कार्डाला थंड कशी करणार? ३५० वॉटचं कार्ड ती सगळी उष्णता खोलीतच सोडतं. माझ्या छोट्या ऑफिसमध्ये ३०६० चे १७० वॉटसुद्धा दुपारी अंगावर येतात. मी मोठी रेंडरं रात्री दहानंतर लावते.

भुईकोट

ताईंनी बरोबर धरलं. आणि पूर्व भागात उन्हाच्या जोडीला रुई आहे. कारखान्याच्या आसपासची मशीनं उघडली की कार्डाच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तोंडावर, पांढरा-राखाडी नमदा बसलेला असतो. पंखा पूर्ण वेगानं फिरतोय, हवा मात्र आत जातच नाही. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो म्हणून कळतही नाही. बॅटरी मारून पात्यांच्या मधून आत बघायचं. मालक, कॅबिनेट पुढून काचेचं असेल तर बदला. पुढून जाळीचं, जाळीच्या आत निघणारा फिल्टर असलेलं घ्या आणि फिल्टर दर आठवड्याला झटका. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटानं धरून ठेवा, हवेनं उलटा गरगरला तर बेअरिंग जातं.

३०९० च्या बाबतीत आणखी एक. त्याच्या २४ चिपांपैकी १२ पाटीच्या मागच्या बाजूला आहेत, तिकडं पंखा नाही. ती मेमरी ११० अंशांला पोचली की कार्ड आपणहून वेग उतरवतं. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास लोड देऊन एचडब्ल्यू-इन्फोमध्ये 'मेमरी जंक्शन' तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुण्यात एसीच्या खोलीत १०० दिसत असेल तर सोलापूरच्या मे महिन्यात ते टिकणार नाही. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरनं पॉवर मर्यादा ८० टक्क्यांवर आणली तर २८० वॉटवर चालतं, वेग थोडाच उतरतो, उन्हाळ्यात तसंच वापरावं.

टेरीटॉवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन कॅबिनेट मोजलं. पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंत २९ सेंटीमीटर. हिशेबही मांडला: ३०९० घ्यायचं तर ८५० चा सप्लाय, नवं कॅबिनेट, १५०० व्हीएचा यूपीएस आणि वर ३२ जीबी रॅम. कार्डाच्या किमतीच्या जवळपास तेवढाच खर्च बाजूचा होतोय. त्यापेक्षा नवं ५०६० टीआय, १६ जीबीचं, वॉरंटीसकट घ्यावं असं मन म्हणतंय. काही चुकतंय का?

विजापूररोड

एकदा २४ बद्दल बोलू द्या. ३०९० ची मेमरी सेकंदाला ९३६ जीबी वाहते, ५०६० टीआयची ४४८. पुढं भाषेची मॉडेलं चालवायची असतील, म्हणजे ३२ अब्जचं ४ बिटमध्ये, तर ते २४ मध्येच मावतं आणि वेगही दुप्पट मिळतो. मी माझ्यासाठी ३०९० च घेणार. पण तुमचं काम चित्राचं, त्यासाठी १६ पुरतात हे मान्य.

फक्त दोन गोष्टी. नाव नीट बघा, ५०६० टीआय ८ जीबीचंही येतं, खोकं जवळजवळ सारखंच. आणि ५० च्या मालिकेला कुडा १२.८ आणि पायटॉर्च (मॉडेल चालवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) २.७ किंवा त्यापुढचं लागतं. जुन्या व्हिडिओत बघून जुनी आवृत्ती टाकलीत तर कार्ड ओळखलं जाऊनही काम करणार नाही.

अक्कलकोटरोड वायरमन

१८० वॉटचं कार्ड असेल तर अख्खं मशीन ३०० च्या आसपास राहील, १००० व्हीएचा यूपीएस भरपूर झाला. रोज सहा तास पूर्ण लोडवर चाललं तरी दोन युनिटच्या आत. वेगळी लाइन आणि अर्थिंग मात्र सोडू नका, ते कार्डावर अवलंबून नाही.

भुईकोट

मालक, तुमच्या कामाला हेच बरोबर. कंपनी ६०० वॉट सांगते, ६५० चा चांगला गोल्ड सप्लाय घ्या. आठ पिनचं एकच तोंड लागतं. दोन पंख्यांचं मॉडेल २५ सेंटीमीटरच्या आत मिळतं, २९ मध्ये आरामात बसेल. तीन पंख्यांचं घेऊ नका, तुमच्या कॅबिनेटमध्ये पुढचा पंखा काढावा लागेल आणि रुईच्या भागात तो पंखा हवाच.

क्रम असा ठेवा. आधी लाइन आणि अर्थिंग, मग सप्लाय आणि रॅम. जुन्या १६५० वरच एक आठवडा चालवा, म्हणजे पुढं काही बिघडलं तर दोष कुठला ते लगेच कळेल. मग बायोस अपडेट करा, सेफ मोडमध्ये डीडीयू या साधनानं जुना ड्रायव्हर काढा आणि कार्ड बसवा. विंडोज १० वर असाल तर याच वेळी ११ वर या, १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि तुमचा प्रोसेसर ११ ला चालतो. बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय), म्हणजे इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, चालू करा.

बसवल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स ८ ३.०' असं दिसेल. घाबरू नका, दोष नाही. कार्डच आठ लेनचं (डेटा नेणाऱ्या आठ वाटांचं) आहे आणि तुमचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा. मॉडेल १६ जीबीत मावलं तर याचा फरक जवळपास पडत नाही, बाहेर सांडलं तरच जाणवतो. रिकामं बसलेलं असताना '१.१' दिसतं, ते वीज वाचवण्यासाठी. लोड देऊन बघा. लोडवरही १.१ किंवा एक्स ४ च दिसत असेल तर मशीन बंद करून वायर काढा, कार्ड स्लॉटमधून काढून परत खटका लागेपर्यंत दाबून बसवा, आणि मला इथंच फोटो टाका.